गाण्याची घडण पाहणारा माणूस
मिशेल गोंद्रीच्या निमित्तानं म्युझिक व्हिडिओच्या दिग्दर्शकाचा आढावा

'नागिन' हा चित्रपट 1954 साली आला. हेमंतकुमारांच्या संगीतातली त्यातली बीन आजही वरातीच्या बँडवर वाजते आणि रुमालाचं टोक तोंडात धरून कुणीतरी भर रस्त्यात डुलायला लागतंच. ती बीन पुंगीवर मात्र वाजवलेली नव्हती. कल्याणजी वीरजी शाह यांनी ती क्लाव्हायोलिन नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर वाजवली होती. हे वाद्य कॉन्स्तां मार्तँ या फ्रेंच माणसानं 1947 च्या सुमारास घडवलं. या मार्तँचा नातू 1963 साली व्हर्सायमध्ये जन्मला. त्याचं नाव मिशेल गोंद्री.

आजोबांच्या यंत्रानं भलत्याच वाद्याचं सोंग घेऊन आपल्याला सत्तर वर्षं डोलायला लावलं. नातवानं पुठ्ठ्याला शहराचं, सेलोफेनच्या कागदाला पाण्याचं आणि खेळण्यातल्या ठोकळ्यांना रॉक बँडचं सोंग दिलं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत म्युझिक व्हिडिओ या प्रकाराला ज्या मोजक्या लोकांनी स्वतःची भाषा मिळवून दिली, त्यांत गोंद्रीचं नाव फार वर आहे. म्हणूनच या व्यवसायाबद्दलचे मूळ प्रश्न त्याच्या कामाला धरून विचारता येतात. म्युझिक व्हिडिओचा दिग्दर्शक घडतो कसा? नेमकं करतो काय? आणि तो सिनेमाच्या दाराशी ताटकळणारा उमेदवार आहे, की स्वतंत्र कलावंत?

नाव नसलेला दिग्दर्शक

पाश्चात्त्य संगीताच्या जगात व्हिडिओ जन्माला आला तो सोय म्हणून. प्रत्येक वाहिनीच्या स्टुडिओत बँडनं स्वतः जाणं शक्य नसायचं, म्हणून फिल्म पाठवली जायची. क्वीन या बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा ब्रूस गावर्सनं 1975 मध्ये केलेला व्हिडिओ काही तासांत उरकलेला होता, पण गाण्याच्या यशात त्याचा वाटा मोठा ठरला. 1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि सोयीची गरज झाली. जॉन लँडिसचा 'थ्रिलर' (1983) जवळजवळ चौदा मिनिटांचा होता. स्टीव्ह बॅरनच्या 'टेक ऑन मी'मध्ये (1985) पेन्सिलीनं काढलेला माणूस कागदातून हात बाहेर काढत होता.

एवढं होऊनही पडद्यावर कलाकाराचं, गाण्याचं आणि कंपनीचं नाव यायचं, दिग्दर्शकाचं नाही. एमटीव्हीनं ते दाखवायला सुरुवात केली 1992 मध्ये, म्हणजे वाहिनी सुरू झाल्यावर अकरा वर्षांनी. पुढच्याच वर्षी गोंद्रीचा गायिका ब्यॉर्कसाठी केलेला पहिला व्हिडिओ आला. ज्या पिढीची नावं प्रेक्षकांनी पहिल्यांदा वाचली, त्या पिढीचा तो आहे.

आपल्याकडे गाणं डोळ्यांनी ऐकायची सवय याहून जुनी. शांतारामबापूंच्या 'नवरंग'मध्ये (1959) संध्याबाई डोक्याच्या मागे मुखवटा बांधून एकाच देहात स्त्री आणि पुरुष दोघं होऊन नाचतात. विजय आनंदच्या 'तेरे घर के सामने'मध्ये (1963) नायकाला पेल्यात नायिका दिसते आणि तीही त्याच्याबरोबर गाते. पण या गाण्यांना मागे कथेचा आधार होता. पात्रं कोण आहेत, ती का गात आहेत, हे प्रेक्षकाला आधीच माहीत असायचं. म्युझिक व्हिडिओच्या दिग्दर्शकाला मागचंपुढचं काहीच मिळत नाही. त्याच्या हाती असतात तीन-चार मिनिटं आणि एक गाणं. दृश्याचं कारण त्या गाण्यातच शोधावं लागतं.

ड्रमच्या मागून कॅमेऱ्याच्या मागे

या व्यवसायात शिरायची ठरलेली वाट नाही. अँटन कॉर्बाइन आणि स्टेफान सेदनावी छायाचित्रणातून आले. स्पाइक जोन्झ स्केटबोर्डवरच्या पोरांचे फोटो आणि फिल्म काढता काढता आला. क्रिस कनिंगहॅम सिनेमांसाठी राक्षसांचे आणि यंत्रमानवांचे साचे बनवायचा. जालंधरला जन्मलेला तरसेम सिंग कॅलिफोर्नियातल्या कलाशाळेत शिकला आणि आर.ई.एम. या बँडच्या 'लूझिंग माय रिलिजन'साठी (1991) त्यानं केलेल्या व्हिडिओला एमटीव्हीचा वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार मिळाला.

गोंद्री आला ड्रम वाजवता वाजवता. पॅरिसमध्ये कलाशिक्षण घेताना मित्रांबरोबर त्यानं 'वी वी' नावाचा बँड काढला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'हो हो'. बँड फार गाजला नाही आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मोडला. पण त्याचे व्हिडिओ ड्रमरच करायचा, स्वतः चित्रं हलवून, घरच्या घरी. त्यांतला एक आइसलँडच्या ब्यॉर्कच्या पाहण्यात आला. ती तेव्हा एकटीनं गायला निघाली होती. तिनं गोंद्रीला बोलावलं आणि 1993 मध्ये 'ह्यूमन बिहेव्हियर' तयार झाला. त्यात जंगल आहे, अस्वल आहे आणि माणसाकडे पाहणारी प्राण्यांची नजर आहे. पुढे 'आर्मी ऑफ मी', 'इझोबेल', 'हायपरबॅलड', 'योगा', 'बॅचलरेट' असे एकामागून एक व्हिडिओ दोघांनी केले.

या वाटचालीतल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. एक म्हणजे, गोंद्रीनं कामाची वाट पाहिली नाही. जवळ होतं ते गाणं, जवळ होती ती माणसं आणि हाताला लागेल ते सामान घेऊन तो कामाला लागला. या क्षेत्रात ओळखपत्र म्हणून पदवी चालत नाही, केलेलं कामच चालतं. दुसरी गोष्ट अशी, की तो ड्रम वाजवत होता. ड्रम वाजवणाऱ्याला गाणं वरून, शब्दांकडून ऐकू येत नाही. ते खालून, मात्रा मोजत येतं. आपल्याकडच्या तबलजीला हे वेगळं सांगायला नको. गोंद्रीच्या सगळ्या पद्धतीचं मूळ मला या बैठकीत दिसतं.

गाण्याचा नकाशा

बहुतेक व्हिडिओ दोन सोप्या रस्त्यांनी जातात. एक रस्ता शब्दांचा: गाण्यात पाऊस असेल तर पडद्यावर पाऊस. दुसरा रूपाचा: गायक देखणा दिसेल अशा जागा, कपडे, नाच. गोंद्रीनं तिसरा रस्ता धरला. गाणं कसं बांधलंय ते आधी पाहायचं. कुठला तुकडा किती वेळा परत येतो, कोणतं वाद्य कधी शिरतं, कधी बाहेर पडतं, हे उलगडायचं आणि त्या बांधणीलाच दृश्याचा नियम करायचा.

डाफ्ट पंकचं 'अराउंड द वर्ल्ड' (1997) घ्या. गाण्यात शब्द जवळजवळ नाहीतच, एकच ओळ फिरत राहते. गोंद्रीनं प्रत्येक वाद्याला नर्तकांचा एकेक गट दिला. यंत्रमानव म्हणजे यंत्रातून आलेला गाण्याचा आवाज, उंच खेळाडू म्हणजे बास, पोहण्याच्या वेशातल्या मुली म्हणजे की-बोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार आणि बँडेज गुंडाळलेल्या ममी म्हणजे ड्रम मशीन. नृत्यरचना ब्लांका ली हिची. बास पायऱ्या चढतो तसे खेळाडू पायऱ्या चढतात, उतरतो तसे उतरतात. मंचही तबकडीसारखा गोल. संगीत न शिकलेल्या माणसालासुद्धा हा व्हिडिओ एकदा पाहिला की गाण्यातले पाच थर वेगवेगळे ऐकू येतात. मी तो कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी कान डोळ्यांच्या मागे गेले आहेत.

केमिकल ब्रदर्सच्या 'स्टार गिटार'मध्ये (2002) तर माणूसच नाही. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा देखावा सरकत राहतो, एवढंच. हळूहळू लक्षात येतं, की दर ठोक्याला एक खांब येतोय, विशिष्ट सूर आला की तीच इमारत पुन्हा जातेय, आवाज भरून आला की समोरून दुसरी गाडी धडधडत निघतेय. दक्षिण फ्रान्समधल्या नीम ते व्हालाँस या मार्गावर साध्या डिजिटल कॅमेऱ्यानं वेगवेगळ्या वेळच्या उजेडात अनेक फेऱ्या करून हे चित्रण केलं आणि मग संगणकावर तुकडे बेमालूम जोडले. त्याआधी गोंद्रीनं गाण्याचा आराखडा जमिनीवर मांडला होता. संत्री, काटे-चमचे, पुस्तकं, पेले, बूट अशा घरगुती वस्तू ओळीनं लावून कोणत्या आवाजाला काय येईल ते ठरवलं होतं. डेक्कन क्वीनच्या खिडकीशी बसून, कानात गाणं लावून, खंडाळ्याच्या घाटात बोगदा नेमका समेवर आला म्हणून हरखलेल्या कुणालाही ही कल्पना कुठून आली ते कळेल. सगळ्यांना एखाद्या क्षणी जाणवलेली गोष्ट त्यानं चार मिनिटं चुकू दिली नाही.

कायली मिनोगच्या 'कम इन्टू माय वर्ल्ड'मध्ये (2002) गाणं फिरून फिरून त्याच जागी येतं, म्हणून गायिकाही पॅरिसलगतच्या एका चौकाला फेरी मारते. पहिली फेरी पुरी होते तिथं दुसरी कायली तिला येऊन मिळते, मग तिसरी, चौथी. रस्त्यावरची भांडणं, शिड्या, चादरी, सायकली सगळंच दुप्पट, तिप्पट होत जातं. कॅमेऱ्याची तीच हालचाल यंत्रानं तंतोतंत पुन्हा करून घेतली, म्हणून हे जमलं. सिबो माट्टोच्या 'शुगर वॉटर'मध्ये (1996) पडदा मधोमध दुभागलेला आहे. एका बाजूला काळ सुलटा वाहतो, दुसरीकडे उलटा आणि मध्यावर दोन्ही एकमेकांना भेटतात.

या सगळ्यांत एक सूत्र दिसतं. प्रत्येक व्हिडिओला एकच नियम आहे, तो गाण्यातून आलेला आहे आणि एकदा स्वीकारला की शेवटपर्यंत पाळलेला आहे. आपल्या संगीतात तालाचं आवर्तन गवयाला बांधतं आणि त्या बांधणीमुळेच त्याला समेवर येण्याची गंमत साधता येते. गोंद्रीचं स्वातंत्र्य याच जातीचं आहे.

हातानं केलेली जादू

पद्धतीचा दुसरा पाय म्हणजे हात. व्हाइट स्ट्राइप्स या दोघांच्या बँडचं 'फेल इन लव्ह विथ अ गर्ल' (2002) दोन मिनिटांहूनही छोटं, ओबडधोबड गाणं. गोंद्रीनं आधी बँडचं साधं चित्रण केलं, संगणकावर त्याचे मोठे चौकोन पाडले आणि मग प्रत्येक चौकट लेगोच्या ठोकळ्यांत रचून एकेक करून टिपली. त्या वर्षी एमटीव्हीचे तीन पुरस्कार या व्हिडिओला मिळाले. त्याच बँडच्या 'द हार्डेस्ट बटन टू बटन'मध्ये (2003) न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दर ठोक्याला नवा ड्रमसेट उगवतो. त्यासाठी एकसारखे 32 ड्रमसेट आणले होते. सेट मांडायचा, एक ठोका टिपायचा, वादकानं उठून पुढच्या सेटवर बसायचं, की पुन्हा एक ठोका.

ही जात आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी 'अंकुराची वाढ' टिपली, ती कुंडीतल्या वाटाण्याची रोज थोडी थोडी फिल्म घेत. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्यांना नाचवलं. एकेक चौकट हातानं पुढे सरकवण्याचा तो धीर आणि नव्वद वर्षांनंतरचा गोंद्रीचा धीर यांचं नातं मला जवळचं वाटतं.

मात्र गोंद्री संगणकाचा वैरी नव्हता. रोलिंग स्टोन्ससाठी 1995 मध्ये केलेल्या व्हिडिओत त्यानं एकाच क्षणाची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली स्थिर चित्रं संगणकानं एकमेकांत वितळवली. पुढे 'द मॅट्रिक्स'मुळे जगभर गाजलेल्या थबकलेल्या काळाच्या परिणामाआधीची ती एक पायरी मानली जाते. 'स्टार गिटार'ही संगणकावाचून शक्य नव्हता. म्हणजे तत्त्व साधनाचं नाही. प्रेक्षकाला करामत दिसली पाहिजे, ती कशी केली असेल याचा थोडा अंदाज यावा आणि तरी चकित व्हायला व्हावं, हे तत्त्व आहे. चांगल्या जादूगाराची बाही वर सरकवलेली असते.

याला स्वप्नांची जोड आहे. फू फायटर्सच्या 'एव्हरलाँग'मध्ये (1997) नायकाचा हात अचानक अवाढव्य होतो. नऊ वर्षांनी गोंद्रीच्याच 'द सायन्स ऑफ स्लीप' या चित्रपटात तेच मोठे हात परत येतात. ब्यॉर्कच्या 'बॅचलरेट'मध्ये (1997) बागेत सापडलेलं पुस्तक स्वतःच स्वतःला लिहीत जातं, त्या कथेचं नाटक होतं, नाटकात पुन्हा तेच नाटक आणि शेवटी रान सगळ्याला गिळतं. स्वप्नाला स्वतःचं तर्कशास्त्र असतं, ते मोडायचं नाही, एवढी शिस्त तो इथंही पाळतो.

पैसा आणि मालकी

या कलेचा व्यवहार मात्र कठोर आहे. कंपनी एक गाणं अनेक दिग्दर्शकांना पाठवते. प्रत्येकानं आपली कल्पना लिहून, चित्रं जोडून द्यायची. याला धंद्यात ट्रीटमेंट म्हणतात आणि त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. निवड झाली तर बजेटचा काही हिस्सा मानधन म्हणून मिळतो. व्हिडिओची मालकी कंपनीची राहते. तो पुढे कोट्यवधी वेळा पाहिला गेला तरी गीतकार-संगीतकाराला मिळतो तसा दिग्दर्शकाला वाटा मिळत नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक जण जाहिरातींवर घर चालवतो. गोंद्रीनंही जीन्स आणि मद्याच्या कंपन्यांच्या गाजलेल्या जाहिराती केल्या आणि तिथं मिळालेलं तंत्र परत गाण्यांत आणलं.

बजेट आणि गुणवत्ता यांचं नातं किती सैल आहे, हे दोन टोकांवरून दिसतं. मार्क रोमानेकनं मायकल आणि जॅनेट जॅक्सनसाठी 1995 मध्ये केलेल्या 'स्क्रीम'चा खर्च 70 लाख डॉलरच्या घरात सांगितला जातो. स्पाइक जोन्झचा 'प्रेझ यू' (1999) एका चित्रपटगृहाबाहेर, परवानगीविना, सुमारे 800 डॉलरमध्ये झाला असं म्हणतात. दोन्ही आजही पाहिले जातात.

सिनेमाकडे, आणि परत

व्हिडिओ ही सिनेमाची शिडी आहे, हे मत मोठ्या नावांमुळे रूढ झालं. मॅडोनाचा 'व्होग' (1990) करणारा डेव्हिड फिंचर दोनच वर्षांत 'एलियन 3' करत होता. जोन्झनं 1999 मध्ये 'बीइंग जॉन माल्कोविच' केला. 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी'त (1996) भिंती सरकवून जमीनच सरकतेय असा भास निर्माण करणाऱ्या जोनाथन ग्लेझरच्या 'द झोन ऑफ इंटरेस्ट'ला 2024 मध्ये सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आपल्याकडेही 1990 च्या दशकातल्या इंडीपॉपनं ही वाट उघडली. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' (1995) चित्रित करणाऱ्या केन घोषनं 2003 मध्ये 'इश्क विश्क' केला, तर युफोरियाचं 'मायेरी' करणारे प्रदीप सरकार 2005 मध्ये 'परिणीता'पर्यंत पोचले.

गोंद्रीचा पहिला चित्रपट 'ह्यूमन नेचर' (2001) फारसा चालला नाही. दुसरा होता 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' (2004). प्रेमभंगानंतर दोघं एकमेकांच्या आठवणी पुसून घेतात, ही मूळ कल्पना चित्रकार-मित्र पिएर बिस्मुथची, पटकथा चार्ली कॉफमनची. तिघांना मिळून मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. व्हिडिओंत कमावलेलं सगळं इथं भावनेच्या कामी आलं. नायक लहान मूल होऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली शिरतो, तेव्हा तो लहान दिसतो तो संगणकामुळे नव्हे. सेटच तिरपा, खोटी लांबी-रुंदी देऊन बांधला होता. एकाच दृश्यात नायक दोन ठिकाणी दिसावा म्हणून नट कॅमेऱ्यामागून धावत जाऊन दुसऱ्या जागी उभा राहिला. आठवण विरते म्हणजे काय होतं, याचं उत्तर दिवे एकेक करून घालवून दिलं.

पुढची वाट सरळ नव्हती. 'द ग्रीन हॉर्नेट' (2011) हा दहा कोटी डॉलरहून महागडा स्टुडिओपट झाला आणि त्यात गोंद्री मोजक्याच प्रसंगांत ओळखू येतो. 'मूड इंडिगो'मध्ये (2013) उलट घडलं: करामती इतक्या, की प्रेमकथेला श्वास घ्यायला जागा उरली नाही. पण त्याच काळात त्यानं आपल्या नात्यातल्या एका शिक्षिकेवर साधा, हळवा माहितीपट केला आणि नोम चॉम्स्कींशी झालेल्या गप्पा हातानं काढलेल्या चित्रांतून मांडल्या. 'क्रिस्टलाइन'साठी (2011) तो ब्यॉर्ककडेही परतला. क्रिस कनिंगहॅमनं तर पूर्ण लांबीचा चित्रपट केलाच नाही, तरी 'ऑल इज फुल ऑफ लव्ह'मधले (1999) त्याचे यंत्रमानव विसरता येत नाहीत. कादंबरी लिहिली नाही म्हणून कथाकाराला आपण उमेदवार म्हणत नाही. इथंही म्हणू नये.

आक्षेप आणि आज

या प्रकारावर जुना आक्षेप असा, की व्हिडिओंनी प्रेक्षकाची नजर चंचल केली, दर सेकंदाला दृश्य तोडायची खोड सिनेमालाही लावली. सरासरी व्हिडिओबद्दल तो खरा आहे. पण गोंद्रीची उत्तम कामं नेमकी उलटी आहेत. 'स्टार गिटार' एका अखंड नजरेसारखा भासतो, 'कम इन्टू माय वर्ल्ड'ही तसाच. प्रेक्षकाला तो एका जागी थांबून नीट पाहायला लावतो. दुसरा आक्षेप, ही सारी हुशारी आहे, तिच्यात भाव कुठे? याचं उत्तर प्रत्येक कामाला वेगळं द्यावं लागेल. नियम गाण्यातून आला असेल तर भाव टिकतो. तो बाहेरून चिकटवला की करामत तेवढी उरते, आणि गोंद्रीच्याही हातून ते झालं आहे.

2005 मध्ये यूट्यूब आलं, वाहिन्यांवरून गाणी ओसरली आणि मोठी बजेटं आटली. हा प्रकार मात्र मेला नाही. हिरो मुराईचा 'धिस इज अमेरिका' (2018) एका रिकाम्या गोदामात अमेरिकेतल्या हिंसेबद्दल जे बोलून गेला, ते अनेक चित्रपटांना जमलं नाही. याच काळात परदेशी व्हिडिओ महाराष्ट्रातही आले. मेजर लेझरचं 'लीन ऑन' (2015) कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत, तर कोल्डप्लेचं 'हिम फॉर द वीकेंड' (2016) मुंबईत वरळीच्या कोळीवाड्यापर्यंत जाऊन चित्रित झालं. दोन्ही रंगीत आहेत, दोन्ही अफाट पाहिले गेले. पण तिथं आपली गल्ली, आपला रंग हा मागचा पडदा आहे. ते गाणं तिथंच का घडतं, याचं कारण गाण्यात सापडत नाही. गोंद्रीच्या कसोटीला लावलं, की सजावट आणि दिग्दर्शन यांतला फरक असा स्पष्ट होतो.

आज मराठीतही स्वतंत्र गाणी करणारी मुलं आहेत. त्यांच्या खिशात गोंद्रीच्या पहिल्या कॅमेऱ्याहून कितीतरी सरस कॅमेरा आहे. तरी बरेच व्हिडिओ ड्रोननं टिपलेला किल्ला, संथ चाल आणि मावळतीचा सूर्य यांवरच भागवतात. त्यांना मी गोंद्रीच्या एका उपक्रमाची आठवण देईन. 2008 मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या एका कलादालनात सामान्य माणसांसाठी सिनेमाचा कारखाना मांडला आणि पुढे तो अनेक शहरांत नेला. अनोळखी लोकांनी यायचं, गट करायचा, तयार सेट आणि कपडे वापरून दोन-तीन तासांत आपला सिनेमा लिहायचा, टिपायचा आणि लगेच एकत्र बसून पाहायचा. संपादनाची सोय नव्हती. जे घ्यायचं ते क्रमानं आणि विचार करूनच.

तेवढ्या सामग्रीत म्युझिक व्हिडिओही होतो. गाणं दहा वेळा ऐकावं, शब्द बाजूला ठेवून. मग घरातल्या वाट्या, चमचे, चपला जमिनीवर ओळीनं मांडाव्यात: ढोलकीला वाटी, टाळाला चमचा, धृपद परत आलं की पुन्हा तीच चप्पल. मांडून झाल्यावर उभं राहून ती ओळ वरून पाहावी. कॅमेरा त्यानंतर काढावा.